चावीची दोरी

जळोचीच्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. त्याची जुनी स्टेशन वॅगन विकायची आहे असं बारामतीत कळलं, म्हणून बघायला गेलो. इंदापूरकडच्या आठवडे बाजारांत मी कापड विकायचो आणि गठ्ठे टाकायला मला अशीच लांब पाठीची गाडी हवी होती.

टोपी मागं सारून तो बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. मीटरवरचा आकडा फारच कमी होता. मी खूश झालो, तर तोच म्हणाला, "त्याच्यावर जाऊ नका, पाव्हणं. मीटर एकदा पुरा फिरून पुन्हा शून्यापास्नं निघालाय. लई पळालीया ही. चढाला तापती, तवा थांबायचं, पानी पाजायचं."

असं सांगणाऱ्याशी घासाघीस काय करणार? गाडी घेतली. चावी देताना मात्र त्यानं तिची काळ्या लोकरीची दोरी सोडून खिशात घातली.

"म्हस इकली तरी दावं देत न्हाय आमी," तो म्हणाला. "गोठ्याची बरकत जाती."

मला हसू आलं. घरी बायकोनं चावीला साडीच्या काठाची चिंधी बांधली.

सहा वर्षं ती गाडी बाजारोबाजार पळाली, तापली, पाणी प्याली. मग एका मास्तरांना विकली. मीटरचं मी आधीच सांगून टाकलं. चावी त्यांच्या हातात दिली. गाडी वळणाआड गेल्यावर पाहिलं, तर चिंधी माझ्या मुठीत होती.