रूपाला प्रश्न कोण वाचून दाखवणार

सन दोन हजार चोवीस. दिवाळी होऊन गेली होती, भरिताची वांगी बाजारात उतरली होती आणि सकाळी गिरणीचा पट्टा थंडीनं आखडायचा. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात माझी पिठाची गिरणी आहे. शिक्षण तिसरीपर्यंत. त्या हिवाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी जितके साहेब पाहिले, तितके सगळ्या जन्मात पाहिले नव्हते. गिरणीच्या भिंतीवर पीठ बसतं तसे त्यांचे किस्से बसले. झटकले तरी जात नाहीत. दळण घेऊन येणारे म्हणतात, आबा, सांगा. म्हणून सांगतो.

मुलगा सुरतेला कामाला, नात रूपा माझ्याजवळ. पाचवीत. ऐकलेलं शब्द न शब्द ध्यानात ठेवते, पण छापलेली ओळ वाचता येत नाही. "आबा, अक्षरं जागावर बसतस नही," असं म्हणते. पाचवीला आता नापास करतात. परीक्षेत कुणी प्रश्न वाचून दाखवला तर पोर पास, नाहीतर त्याच वर्गात. वाचून दाखवणारं कुणी मिळावं, एवढंच मागायला मी निघालो.

*

पहिले हेडमास्तर. गोड माणूस.

"आबा, मुलगी गुणी आहे. पण आम्हाला शाळेचा निकाल बघावा लागतो. तिला धुळ्याच्या वेगळ्या शाळेत टाका. राहायची सोय आहे."

"घरी राहायची सोय आहे तिची," मी म्हटलं. "इथं काय अडचण आहे?"

"तिला वाचता येत नाही ना."

"ज्याला येतं त्यालाच शिकवायचं, तर मास्तर कशाला पाहिजे?"

त्यांनी चहा मागवला. मी घेतला नाही.

*

मग कळलं, अशा मुलांसाठी सरकारचा वेगळा शिक्षक असतो. महिन्यातून एकदा मोटारसायकलवर येतो.

आला. पिशवीतून रंगीत ठोकळे काढले, रूपाच्या हातात दिले, "इकडे बघ" म्हणाला, मोबाइलवर फोटो काढला. ठोकळे परत पिशवीत.

"झालं?" मी विचारलं.

"झालं, आबा. फोटो वर गेला."

"आणि पोरगी?"

"ती इथंच आहे की."

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात गाडीचा आवाज आल्याबरोबर रूपा जाऊन खुर्चीवर बसली, दोन्ही हात पुढे केले आणि हसली. पिशवी अजून गाडीलाच होती.

"बघा आबा," तो म्हणाला, "किती सुधारणा आहे."

*

धुळ्याला अपंगांसाठी साहित्यवाटपाचं शिबिर लागलं. जा म्हणाले, गेलो. मंडपात रांग, टेबलावर एक तरुण.

"पाय?"

"पाय चांगले."

"कान?"

"मुंगी चालली तरी ऐकते."

"मग आणलंत कशाला?"

"वाचता येत नाही."

त्यानं मागं वळून सामानाकडे नजर टाकली. "वाचायचं काही आलेलं नाही. चाकाची खुर्ची शिल्लक आहे, घेऊन जा."

"ही काय करेल तिचं?"

"घ्या हो, फुकट आहे. तुमचंही वय झालंच आहे."

मंडपापासून एसटी स्टँडपर्यंत मी रूपाचा हात धरून चालत गेलो. रिक्षावाले मागे लागले होते. एकालाही हो म्हटलं नाही.

*

वाचणारा द्यायचा तर आधी सरकारी दवाखान्याचा दाखला पाहिजे. तिथं खिडकीत एक कारकून बसला होता.

"अर्ज मुलीनं स्वतः भरायचा."

"तिला भरता आला असता तर इथं कशाला आलो असतो?"

"मग तुम्ही भरा."

"मी तिसरी पास. सावकाश भरेन, थांबावं लागेल."

तो शेजारच्याकडे बघून हसला. "म्हणजे घराण्यातच आहे."

"घराण्याचं सांगतो, भाऊ. मी तिसरी, मुलगा बारावी. चढ आहे. तुमचे वडील काय करत होते?"

"प्राध्यापक होते."

"दिसतंय," मी म्हटलं. "उतार आहे."

अर्ज त्यानं स्वतःच भरला. दाखला मिळायला पुढे उन्हं तापली, पण मिळाला.

*

दाखला बघून हेडमास्तर म्हणाले, "आता हरकत नाही. पण वाचणारं मूल तुम्ही आणा. खालच्या वर्गातलं पाहिजे."

मी गल्लीत विचारत फिरलो. कुणाच्या पोराला ताप, कुणाचं मामाच्या गावाला. एक बाई मात्र खरं बोलली. "शेजारी बसून आमच्या पोराला तसलंच लागलं तर?"

"लागू द्या," मी म्हटलं. "ऐकलेलं ध्यानात तरी राहील. सध्या त्याचं काय राहतं?"

तिनं दळण दुसऱ्या गिरणीवर नेलं. आजही तिकडेच नेते.

शेवटी गिरणीसमोरच्या मारवाडी किराणावाल्याची मुलगी आपण होऊन आली. खुशी, चौथीतली. "आबाजी, माझे पेपर सकाळी असतात. दुपारी मी रूपाला वाचून दाखवते." सगळ्या पेपरांना ती रूपाशेजारी बसली. एकेक प्रश्न दोनदा वाचला.

मी बाजरीचं ताजं पीठ घेऊन दुकानात गेलो. शेठनं हात जोडले. "वाचलं मुलीनं, आबा. मी कशाचं घेऊ?"

मुलीला खाऊ दिला, तिनंही घेतला नाही. कुणाचं देणं डोक्यावर राहिलेलं मला चालत नाही. रूपाला म्हटलं, "शेठनी पोरनं आपलावर शे."

"माले ठाऊक शे," ती म्हणाली.

*

एक मे. झेंडा झाला, निकाल वाटला. रूपा पास.

मग भाषण. हेडमास्तरांनी स्वतः लिहिलेलं आणि खुशीला दिलेलं. आठवडाभर ती ते दुकानाच्या पायरीवर उभी राहून पाठ करत होती, आणि रूपा समोर गिरणीच्या ओट्यावर शेंगा सोलत बसलेली असायची.

खुशी उभी राहिली. झोकात सुरुवात केली आणि मध्येच थांबली. पुढचं आठवेना. डोळे भरून आले. शेठ मागं उभा होता, त्यानं मान खाली घातली. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं.

हेडमास्तर लगबगीनं पुढं आले, खिशातून भाषणाचा कागद काढला. चष्मा ऑफिसात राहिला होता. कागद जवळ धरला, लांब धरला. काही दिसेना.

पाचवीच्या रांगेतून रूपा उठली आणि पुढचं वाक्य बोलली. अगदी खुशीसारखं, खुशी जिथं थांबायची तिथं थांबून. खुशी तिच्यामागून म्हणाली. मग पुढचं वाक्य. मग त्याच्या पुढचं. शेवटच्या "जय महाराष्ट्र"पर्यंत.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "पाठांतर छान आहे हो मुलीचं," ते रूपाकडे बघून म्हणाले.

"मेहनत घेतो आम्ही," हेडमास्तर म्हणाले.

खुशी खाली उतरली आणि रूपाशेजारी येऊन बसली.

"फिटी गयं," रूपा म्हणाली.