आबांचा डोळा आणि माझे निऑन टेट्रा

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, आणि माझ्या हातून आजवर सोळा निऑन टेट्रा मेले आहेत. या दोन गोष्टी आमच्या घरात एका दमात बोलायला बंदी आहे. नवऱ्याने एकदा पाहुण्यांसमोर बोलून दाखवल्या, तर त्या आठवड्यात त्याला तीनदा शेपूची भाजी खावी लागली.

निऑन टेट्रा म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. अंगावर निळी चमकती रेघ, शेपटीकडे लाल. दुकानात त्यांचा थवा एकदम वळताना पाहिला आणि मी भाळले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लई नाजूक असतेत." मला वाटलं, हे तो सगळ्यांना सांगत असेल, आणि मी काही सगळ्यांतली नाही. पहिले आठ मी नळाच्या पाण्याने मारले. बीडला आमच्या भागात नळ आठ-दहा दिवसांनी येतो, आणि आला की माणूस घरातलं दिसेल ते भांडं भरून घेतो. त्या भरात मी माशांच्या काचेच्या टाकीचंही पाणी बदलून टाकलं. पाण्याला ब्लिचिंग पावडरचा वास होता, तो मला स्वच्छतेचा वाटला. संध्याकाळपर्यंत सगळे आडवे. पुढचे आठ बोअरच्या जड पाण्याने गेले, ते जरा सावकाश गेले. तिसऱ्या खेपेला दहा आणले, पिण्याच्या जारचं पाणी वापरलं, फोनवर वाचून वाचून डोळे शिणवले, आणि नेमके तेव्हा आबा आले.

आबा म्हणजे माझे सासरे. धाकट्या दिराबरोबर तलवाड्याला राहतात, शेळ्या राखतात. एक डोळा बाभळीच्या काट्याने पूर्वीच गेलेला, आणि उरलेल्यात मोतीबिंदू पिकलेला. त्याचं ऑपरेशन बीडला झालं. डॉक्टरांनी बजावलं की चाळीस दिवस वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, शेळ्यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. एकच डोळा आहे, त्यात काही गेलं तर कायमचा अंधार. आबांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरली.

त्यांना अडवणार कोण? नवरा वडिलांसमोर "बघा तुम्ही" याच्या पुढे जात नाही. मी तोंडाची फटकळ, पण आबांशी नाही. लग्न झालं तेव्हा नोकरी सोडणार नाही म्हणून आमचं एक भांडण झालं, आणि त्यानंतरची अठरा वर्षं आम्ही दोघं फक्त चहा-जेवणापुरतं बोललो. आमच्याकडे ते एका रात्रीच्या वर कधी राहिले नाहीत, आणि मीही कधी "राहा" म्हटलं नाही. आता म्हणायचं तर जीभ वळेना.

पिशवी घेऊन ते हॉलमध्ये आले तेव्हा नुकतं झुंजूमुंजू झालं होतं. लाइट गेलेली. जाता जाता ते टाकीपाशी थांबले.

"बाई, ह्यांचा रंग कावून उडालाय? काल तर निळे व्हते."

मला कारण तोंडपाठ होतं. अंधारात निऑन टेट्रा फिके पडतात, उजेड मिळाला की थोड्या वेळात पुन्हा रंगतात. शिक्षिकेने तोंड उघडलं आणि सुनेने ते मिटलं.

"काय की, आबा. आजारी दिसतात," मी म्हटलं.

आबांनी पिशवी खाली ठेवली. आजारी जनावर टाकून जाणाऱ्यांतला तो माणूस नाही.

त्या दिवसापासून टाकी त्यांच्या ताब्यात गेली. खुर्ची जवळ ओढून ते तासन्‌तास बघत बसत. "लई खायला घालतीस," म्हणाले, आणि खाणं निम्म्यावर आणलं. टीव्हीच्या आवाजाने मासे बुजतात असं त्यांचं मत पडलं, त्यामुळे नवऱ्याचं क्रिकेट बंद झालं. एक दिवस त्यांनी फाटकाजवळच्या बदामाचं वाळकं पान आणून पाण्यात टाकलं. मी ते चिमटीत धरून बाहेर फेकलं.

"आबा, मी हे शिकवते कॉलेजात."

"शिकीव की. पर जनावराला सावली नगं का?"

दुपारी त्यांनी दुसरं पान टाकलं. ते चुकताहेत याचा पुरावा काढायला मी फोन उघडला, तर मासे पाळणारे लोक हीच वाळकी बदामाची पानं विकत आणून टाकीत घालतात असं निघालं. मी ते कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गुपचूप फाटकाजवळून दोन चांगली पानं वेचून, धुऊन आत टाकली. दहाचे दहा मासे जगले. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि मला त्याचा आनंद होण्याऐवजी धास्ती बसली, कारण मासे ठणठणीत म्हणजे आबा मोकळे. बाराव्या दिवशी संध्याकाळी, उद्या सकाळी निघायचं म्हणून, पिशवी पुन्हा दारात आली.

मग मी लबाडी सुरू केली. मासे उजेड लागला की रंगतात, तर मग उजेडच लागू द्यायचा नाही. रोज झोपताना टाकीवर जाडजूड सोलापुरी चादर टाकायची. पहाटे गजर लावून उठायचं, आबांच्या न्हाणीघराची कडी वाजली की चादर ओढून सोफ्याखाली कोंबायची. आबा बाहेर यायचे, टाकीत वाकून न बघता लांबूनच बघायचे.

"आज बी फिके?"

"आज पण, आबा."

चहा होईपर्यंत मासे रंगायचे. मग मी म्हणायची, "आता बरे दिसतात, पण दोन दिवस बघा." वर्गात कॉपी करणाऱ्यांना मी दारात उभं करते, आणि घरात हे चाललेलं. लाज वाटायची. पण आबा फाटकाबाहेर जाऊन धुळीत उभे राहिले की रात्री चादर आपोआप हातात यायची.

चाळिसाव्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी डोळा तपासला, खूष झाले.

"बोला आजोबा, काय काय दिसतं आता?"

"समदं दिसतं," आबा म्हणाले. "भितीवरलं घड्याळ दिसतं. तुमच्या शर्टाची गुंडी तुटलीय, ती दिसती. रोज सकाळच्याला आमची सून माशावरली चादर काढून सोफ्याखाली दडवती, तेबी दिसतं. महिना होत आला, बगायलोय."

डॉक्टरांनी आधी गुंडी चाचपली, मग माझ्याकडे पाहिलं.

"कसली चादर?"

"काही नाही, डॉक्टर," मी म्हटलं.

बाहेर पायऱ्यांवर येईपर्यंत मी दम धरला. चूक माझी असली की मला राग जास्त येतो.

"माहीत होतं तर बोलला का नाहीत? महिनाभर मी गजर लावून उठतेय."

आबांनी काळा चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"बोललो असतो तर जावं लागलं असतं, बाई."

माझे डोळे भरून आले आणि त्याचाही राग आला.

"मग राहा ना!" मी म्हटलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, आणि तेही दवाखान्याच्या पायरीवर, चार माणसं वळून बघतील एवढ्या आवाजात.

"बरं," आबा म्हणाले, आणि त्यांनी रिक्षाला हात केला.