साडूंनी घडवलेला कप

मेलेल्या माणसांची माझ्या साडूंइतकी भीड बाळगणारा दुसरा गृहस्थ अख्ख्या अष्टागरात सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. रेवसच्या धक्क्यावर ते मुंबईच्या बोटीची तिकिटं फाडत. कुठलाही उंबरठा ओलांडताना क्षणभर बाजूला होऊन कुणाला तरी आधी जाऊ देत. मी एकदा कुत्सितपणे विचारलं, "कोण गेलं हो?" तर म्हणाले, "बाईमाणूस होतं, नाव कसं विचारणार?" एकदा बोट सुटायची वेळ टळली तरी हे हात वर करून उभे. तांडेल वैतागला, "मास्तर, कोन हाय आजून?" "आल्या, आल्या," साडू म्हणाले, आणि चढायची फळी खरोखरच वाकली. तेव्हापासून तांडेल त्यांच्याशी वाद घालत नसे. मी मात्र घालायचो, कारण माझ्या बायकोची धाकटी बहीण त्यांना दिली होती.

दिली होती ती दुसरेपणावर. पहिली बायको तापानं गेलेली. आपल्याकडे पहिलीचा चांदीचा टाक करून देवात ठेवतात आणि नवी वस्तू आधी त्याला दाखवतात, हे खरं. पण साडूंचं सगळंच अती. लुगडं आधी टाकाला, बांगडी आधी टाकाला, एकदा तर नवी केरसुणीसुद्धा देवघरात नेऊन आणली. मेहुणी ब्र काढत नसे. एकदाच माझ्या बायकोला म्हणाली, "ताई, त्या घरात माझं असं काहीच नाही गं." ते ऐकून माझं डोकं फिरलं आणि मी साडूंना चांगलं फैलावर घेतलं.

साडूंनी बरेच दिवस विचार करून तोड काढली. "चहाचा कप," ते म्हणाले. "तिच्या वेळी घरात चहा नव्हता. कशाशी खातात तेसुद्धा तिला ठाऊक नाही, मग मागेल कशाला? माझ्या हातानं करतो आणि पाडव्याला हिला ओवाळणीत घालतो." दुकानातला का नको, तर त्याच्यावर कुणाकुणाची नजर पडलेली असते म्हणे.

गावाबाहेरच्या कुंभाराकडे त्यांनी ठाण मांडलं. चाक फिरलं की निम्मी माती यांच्या मिशीत. पण हळूहळू हाताला वळण लागलं, आणि मेहुणीची बोटं आठवत ते कपाला कान जोडू लागले. पहिला कप भट्टीतून निघाला तो काठाचा टवका उडालेला. दुसरा तसाच, तिसराही. टवका त्याच जागी, ओठाएवढा. कुंभारानं सगळी राख चाळली, तुकडा मिळाला नाही. "मास्तर, मातीत खोट न्हाय," तो हलकेच म्हणाला. "कोनाला तरी घाई झालीया." पुढच्या वेळी साडूंनी भट्टीपुढे हात जोडून काय सांगितलं कोण जाणे, कप अखंड निघाला.

पाडव्याला आम्ही फराळाला गेलो. मेहुणीनं ओवाळलं आणि साडूंनी तबकात कप ठेवला. तांबडा, ओबडधोबड, विटेसारखा जड. "हा तुझा," ते म्हणाले. "आधी तुझा." ती सवयीनं देवघराकडे वळली, थांबली, आणि परत येऊन तिनं त्यात काठोकाठ चहा ओतला. कप पाटावर होता. कुणाचाही हात त्याला लागला नव्हता. बघता बघता चहा घोटभर खाली गेला आणि काठावर ओठांची ओली खूण उमटली.

साडू पांढरेफटक पडले. "चुकलंच माझं," ते पुटपुटले. "इथेही आली." मला वाटलं, मेहुणी आता कप भिंतीवर आपटणार, आपटला असता तर मी तिचीच बाजू घेतली असती. ती मात्र उठली, चमचाभर साखर आणून चहात ढवळली. "पहिल्यांदाच पीत असतील, कडू लागला असेल," म्हणाली, आणि कप देवघरात घेऊन गेली. जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाली, "भावोजी, आजवर मी त्यांचंच घेत आले. आज माझं काही त्यांना द्यायला मिळालं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी चिवड्याच्या तिखटावर ढकललं.

पुढच्या पाडव्याआधी साडू पुन्हा कुंभाराकडे निघाले, देवघरासाठी वेगळा कप करायला. मेहुणीनं दारातच अडवलं. "कशाला? आम्हा दोघींना एक पुरतो." साडू मुकाट्यानं वहाणा काढून माझ्याशेजारी पडवीत बसले. आतून तिचं बोलणं ऐकू येत होतं. मध्येच ती थांबायची, कुणाचं तरी ऐकून घ्यायची, आणि हसायची.

"मला काही बोलवत नाहीत हो त्या," साडू म्हणाले, आणि आम्ही दोघं तिथे बिनचहाचे बसून राहिलो.