पांड्याचे कान

मी मागे उभं राहून टाळी वाजवली. दोन्ही कुत्र्यांनी झटकन मान वळवली.

"बघितलंत? कान एकदम तिखट आहेत," मी मलगोंडाअण्णांना म्हणालो.

अण्णा नेसरीकडचे शेतकरी. त्यांना मळ्यावर राखणीला कुत्रं हवं होतं. गोष्ट नव्वदच्या दशकातली. राजारामपुरीतल्या माझ्या जनावरांच्या दवाखान्याच्या शटरला कुणीतरी ही जोडी बांधून पसार झालं होतं. पांढरा तो पांड्या, तांबूस तो तांबू. एका ताटात खायची, अंगाला अंग लावून झोपायची. दोन्ही एकत्र न्यायला मात्र कुणी तयार होईना. शेवटी पांड्या अण्णांना आणि तांबू शिवाजी पेठेतल्या गिरणीवाल्या सुशीलामावशींना, असं मी ठरवलं.

"एकमेकांबिगर ऱ्हातील व्हय ही?" मावशींनी विचारलं.

"चार दिवसांत विसरतात," मी मोठ्या शहाणपणाने सांगितलं.

थोड्या दिवसांनी अण्णांचा फोन आला. "डॉक्टर, हे भुंकतच न्हाय. हाक मारली तरी बघत न्हाय."

"करमत नसेल त्याला. टॉनिक पाठवतो."

टॉनिकची बाटली एसटीच्या ड्रायव्हरकडे दिली आणि मी ते विसरलो.

मग एका सकाळी अण्णा पांड्याला उचलूनच दवाखान्यात आले. मागचा पाय मोडला होता. "ट्रॅक्टर मागं घेत हुतो. हॉर्न वाजवला, आरडलो. जागचं हललं न्हाय की."

मी प्लास्टर घातलं. पांड्या माझ्याकडे पाठ करून पडला होता. आवरताना स्टीलचा ट्रे माझ्या हातून फरशीवर पडला. अण्णा दचकले. पांड्याचा कान हलला नाही. मी टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. काही नाही.

पांड्या ठार बहिरा होता.

पांढऱ्या कुत्र्यांत जन्मजात बहिरेपण जास्त आढळतं, हे आम्हाला कॉलेजातच शिकवलेलं असतं. बहिरं कुत्रं सोबत्याकडे बघून वागतं, तो भुंकला की भुंकतं. त्या दिवशी टाळी ऐकली तांबूने. पांड्याने फक्त तांबूची मान वळलेली पाहिली. अशी तपासणी कुत्र्याला एकटं ठेवून करायची असते. मी दोघांची एकदम उरकली होती.

अण्णांना हे सगळं सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते पांड्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "ऐकत न्हाय म्हणून म्या दोन-चार फटकं दिलं हुतं त्येला."

ते फटके माझ्यामुळे बसले होते. मला त्यांच्याकडे बघवेना, आणि पांड्याकडे तर मुळीच नाही.

दुपारी मावशींकडे गेलो. त्यांनी गिरणी बंद करून सगळं ऐकून घेतलं.

"तरीच. बाहेर कायबी वाजलं की ह्यो उठतोय आन शेजारच्या मोकळ्या जागंला नाक लावतोय. मला वाटलं, खुळा हाय." मग त्यांचा चेहरा कडक झाला. "आता ह्येला घिऊन जायला आलाय व्हय?"

"नाही. पांड्यालाही तुम्हीच ठेवून घ्या, असं म्हणायला आलोय."

"त्या दिवशी मी इचारलं तवा काय म्हणाला हुता?"

गिऱ्हाइकं डबे घेऊन बघत होती.

"आणा," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी गिरणी चालू केली.

पाय जुळला, पण पांड्या थोडा लंगडतच राहिला. एवढी गिरणी धडधडायची, तिला टेकून तो खुशाल झोपायचा. कुणी आलं की तांबू त्याला नाकाने ढोसायचा, आणि मग दोघं मिळून भुंकायची. दोन कुत्री एकत्र तपासली की एकच तपासलं जातं, एवढं मी त्यातून शिकलो.

अण्णांसाठी मी दुसरं पिल्लू शोधलं. खोलीत एकटं ठेवून, दार लावून त्याचे कान तपासले. अण्णा न्यायला आले तेव्हा तसं सांगितलंही.

"व्हय व्हय," ते म्हणाले. मग पिल्लाच्या मागे जाऊन त्यांनी स्वतः एकदा टाळी वाजवली.