काचेवर बांधलेला काटा

श्री. दत्तात्रय जगदाळे यांची आणि माझी पहिली भेट पावणे इथल्या औद्योगिक वसाहतीत, त्यांच्या गाड्या दुरुस्तीच्या गाळ्यात झाली, आणि त्या भेटीत त्यांनी मला गप्प बसवले. अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या हाताला असलेल्या यशाबद्दल अनेकजण लिहितील. मी मात्र त्या गप्प बसवण्यापासून सुरुवात करतो. मला ओळखणारी मंडळी ते काम इंजिन उघडण्यापेक्षा अवघड मानतात.

आमची पेट्रोलवर चालणारी व्हॅन तेव्हाच पंधरा वर्षांची झाली होती. उभ्या जागी ती थरथरे आणि दर चार ठोक्यांतला एक गाळे. गॅरेजच्या भाषेत याला मिसिंग म्हणतात, हे तोवर मला कळले होते, कारण दोन गॅरेजवाल्यांनी ते सांगून प्लग आणि फिल्टर बदलले होते आणि व्हॅन थरथरतच होती. तिसऱ्या ठिकाणी दोषाचे निदान आपणच घेऊन जावे म्हणून मी जगदाळ्यांसमोर सुरुवात केली, "पेट्रोलमध्ये भेसळ असावी. कारण असं की—"

"तुमी काय करता?" त्यांनी विचारले.

"वार्ताहर आहे. शिक्षण संस्कृतचं."

"मग त्या बाकड्यावर बसा. आधी गाडीला बोलू द्या."

इंजिन चालू ठेवून ते एकेका सिलिंडरला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलची जोडणी काढून पुन्हा लावू लागले. पहिली काढली, इंजिन अडखळले. दुसरी काढली, आवाजात काहीच फरक पडला नाही. म्हणजे दुसरा सिलिंडर मुळात कामच करत नव्हता. मग त्यांनी दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावली आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. आता दुसरा नीट चालू लागला आणि तिसरा बंद पडला. मला बाकड्यावर बसवेना. "अहो, हा तर अन्वय-व्यतिरेक! जिथे ही तिथे दोष, जिथे ही नाही तिथे दोष नाही. आमच्या न्यायशास्त्रात—"

"आमच्यात याला कॉइल गेली म्हणत्यात," जगदाळे म्हणाले.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. मधल्या काळात त्या बाकड्यावर बसून मी त्यांची रीत पाहिली. जुना भाग वाईट असल्याचे मालकाला डोळ्यांनी दिसल्याशिवाय ते नवा भाग लावत नाहीत. काढलेला भाग मालकाच्याच हाताने एका पत्र्याच्या डब्यात टाकायचा, आणि वर्षभर तो डबा रिकामा करायचा नाही. उद्या कुणी शंका घेतली तर पुरावा हवा. एकदा करंजाड्याचे एक टॅक्सीवाले पेट्रोलचा पंपच बदला असा हट्ट धरून बसले होते. जगदाळ्यांनी दाब मोजला, एक बारीक रबरी नळी काढली आणि तिच्यातून ओघळलेले पेट्रोल टॅक्सीवाल्यांच्या बोटाला लावले. दोष पंपात नव्हता, दाब सांभाळणाऱ्या छोट्या झडपेचा पडदा फाटला होता. "पंप चांगला हाय. जुना झाला म्हणून काढायचा व्हय? मग मलाबी काढा." तेव्हा त्यांची सत्तरी उलटून गेली होती. टॅक्सीवाल्यांनी फाटकी झडप स्वतःच्या हाताने डब्यात टाकली.

पण हाताच्या यशावर माझा विश्वास बसला तो त्यांच्या एका अपयशामुळे. ती हकिकत इथे लिहू का, असे मी त्यांना विचारले होते. "तीच लिवा. बाकीचं सगळे लिवतील," असे उत्तर आले. म्हणून लिहितो.

माझी थोरली बहीण, आक्का, कामोठ्याला राहते. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या तीन दिवशी तिला डायलिसिससाठी बेलापूरला जावे लागते. ती चाकांच्या खुर्चीत असते. भाड्याच्या गाडीत ती खुर्ची शिरत नाही, म्हणून आम्ही व्हॅनमधले मधले आसन काढून तिथे खुर्ची अडकवण्याची सोय केली. पुढे शेजारपाजारचे आणखी तीन रुग्ण त्याच वेळेला येऊ लागले. थोडक्यात, चार माणसांची प्रकृती त्या म्हाताऱ्या व्हॅनवर अवलंबून होती. गाडी मीच चालवत असे.

गेल्या उन्हाळ्यात एका बुधवारी परतताना व्हॅन महामार्गावर गचके खाऊ लागली आणि जेमतेम घरी पोचली. संध्याकाळी जगदाळ्यांनी पेट्रोलच्या नळीला दाबाचा काटा लावला. तीनवर असायला हवा तो काटा अडीचच्या खाली थरथरत होता. पंप जुनाच होता. मला शुक्रवारची घाई होती, आणि ती मी त्यांना चारदा बोलून दाखवली. त्यांनी नवा पंप लावला, काटा तीनवर आला, जुना पंप मी स्वतः डब्यात टाकला.

शुक्रवारी खारघरच्या पुढे, भर उन्हात, मागे ट्रकची रांग लागलेली असताना व्हॅन बंद पडली. आत चार रुग्ण. मी अर्धा तास बॉनेट उघडून उभा होतो; माझ्या विद्येचा त्या वेळी एवढाच उपयोग. गार झाल्यावर गाडी सुरू झाली, पण डायलिसिस केंद्रावर पोचेतो चौघांची पाळी गेली होती. मिनतवारी करून अर्ध्या वेळेचे डायलिसिस मिळाले. शनिवारी सकाळी आक्काच्या पायांवर सूज होती आणि एक वाक्य ती दोन दमांत बोलत होती. ते वाक्य असे होते, "सोमवारी मी येणार नाही."

"आक्का, असं कसं चालेल?"

"चालतंय कुठे? तेच तर म्हणतेय. रस्त्यावर तडफडून मरण्यापेक्षा घरात बरी. आणि आमच्यापायी ते तिघेही अडकतात."

डॉक्टरांना फोन केला. सोमवार कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका, एवढेच ते म्हणाले, आणि ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला अजून आठवतो. आक्का मात्र भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने एकदा नाही म्हटले की आमचे वडीलसुद्धा विषय बदलत.

मी जगदाळ्यांना फोनवर जरा तोडूनच बोललो. दुपारी ते थेट आक्काच्या दारात हजर. मला वाटले, दिलगिरीसाठी आले असतील. त्यांनी खुर्ची ओढून आक्काजवळ घेतली आणि विचारले, "आक्का, गाडी बंद पडली तवा नेमकं काय काय चालू होतं?"

आक्का म्हणाली, "मला काय विचारता? गाडीला विचारा. रिकामी असली की शहाण्यासारखी चालते. आम्ही चौघं बसलो की रुसते. तिलाही आम्ही नकोसे झालो असू."

मी हसलो. जगदाळे हसले नाहीत. "म्हंजे तुमी नसताना कधीच न्हाई?"

"कधीच नाही."

"आन तुमी असताना एसी?"

"फुल. दोन्ही पंखे. आम्हाला घुसमटतं हो."

जगदाळे उठले. "मी रिकामी गाडी तपासली. ती बी एसी बंद ठेवून," ते माझ्याकडे पाहून म्हणाले. "उद्या गाळ्यावर या."

रविवारी वसाहत बंद होती. गाळ्यासमोर त्यांच्या गावचे चार माथाडी कामगार उभे होते, वाशीच्या बाजारात पोती वाहणारे. चार रुग्णांच्या वजनाला चार माणसे हवीत म्हणून त्यांना बोलावले होते. त्यांतला एक जण माझ्यापेक्षा दुप्पट होता. दाबाच्या काट्याची नळी बॉनेटखालून बाहेर काढून जगदाळ्यांनी काटा पुढच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीने बांधला, म्हणजे पेट्रोल गाडीच्या आत यायला नको. मला शेजारी बसवले. "मी रस्ता बगतो. तुमी काटा वाचायचा. मोठ्यानं. दुसरं काय बोलायचं न्हाई."

एसी पूर्ण, दोन्ही पंखे चालू, मागे चार माथाडी, आणि आम्ही बेलापूरच्या पारसिक टेकडीकडे निघालो. तीन, मी वाचत होतो. तीन. सपाट रस्त्यावर तीन. पंधरा मिनिटे तीन. दोष सापडला नाही तर आक्काला काय सांगायचे? सोमवार सकाळला एक दिवसही उरला नव्हता.

चढण लागली.

"तीन. पावणेतीन."

"वाचा."

"अडीच. सव्वादोन."

गाडीने गचका खाल्ला. मागून दुप्पट माथाडी म्हणाला, "दादा, उतरून ढकलू का?"

"गप बस. तू वजन हायेस," जगदाळे म्हणाले. मग मला, "एसी बंद करा."

मी बंद केला. काटा वर चढला, पावणेतीनच्या पुढे. इंजिन सुधारले.

"चालू करा."

काटा उतरला. पुन्हा बंद, पुन्हा वर. तीनदा हे झाले. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही माझ्या ओठांवर होते, पण मी ते गिळले. माझ्या चरित्रातला हा एकमेव प्रसंग.

गाळ्यावर परतून त्यांनी तसाच एसी चालू ठेवला आणि मीटरने वीज मोजली. बॅटरीपाशी ती भरपूर होती. पंपापाशी पोचेपर्यंत तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा गळून जात होता. मागच्या आसनाखाली पंपाची अर्थिंगची तार जिथे पत्र्याला घट्ट बसवलेली असते, तो बोल्ट त्यांनी उघडला. तारेचे तांबे हिरवे पडून भुकटी झाले होते. ही आपली खाडीची हवा. पंखे आणि एसी विजेवर ताण आणत, ओझ्याने आणि चढणीने पंपाचे कामही वाढे, तार तापे, पंप उपाशी राही आणि दाब पडे. नवा पंपही उपाशीच राहिला; बुधवारी तो बसवेतो तापलेली तार गार झाली होती, म्हणून तेवढ्यापुरता काटा तीनवर आला.

त्यांनी तार बदलली, पत्रा चकाकेपर्यंत घासला. मला वाटले संपले. जगदाळ्यांनी मात्र डबा उघडून जुना पंप बाहेर काढला, नवा काढून तो पुन्हा बसवला, आणि आम्हाला सगळ्यांना पुन्हा गाडीत बसवून पारसिकची तीच चढण चढायला लावली. एसी चालू. काटा तीनवरून हलला नाही.

"पंप चांगला व्हता," ते म्हणाले. "तुमच्या घाईला मी भ्यालो. पुरावा न बगता फाशी दिली."

घाई माझी होती, हे त्यांनी एकदाही दोष म्हणून उच्चारले नाही. म्हणून ते आज मी इथे उच्चारतो.

संध्याकाळी ते पुन्हा कामोठ्याला आले. "आक्का, चूक माझी व्हती. तुमी बरोबर सांगितलं. उद्या चला."

"आणि परत बंद पडली तर?"

"काटा तुमच्या समोर बांधतो. तीनच्या खाली गेला की सांगा, मी तिथंच गाडी वळवून घरी सोडतो. शब्द."

आक्काने विचारले, "गाडी कोण चालवणार?"

"मी."

"मग ठीक. याच्या हातात असली की गाडीलाही कंटाळा येतो." हे माझ्याविषयी होते.

सोमवारी सकाळी काटा काचेवर होता. आक्काची खुर्ची मधल्या जागेत, तिची नजर पुढच्या दोन आसनांमधून थेट त्याच्यावर. एसी पूर्ण. खारघरजवळ, शुक्रवारची ती जागा दिसू लागली, तशी मागच्या तिघांतल्या एकाने डोळे मिटले. आक्का म्हणाली, "तीन." थोड्या वेळाने, "तीन." पुढच्या पुलावर, "तीनच आहे हो, डोळे उघडा." बेलापूरपर्यंत ती तेवढेच म्हणत राहिली. आजवर ऐकलेल्या कुठल्याही पठणात मी इतका एकाग्र झालो नव्हतो. केंद्रावर आम्ही दहा मिनिटे आधी पोचलो.

त्यानंतर ती एकाही वाराला नाही म्हणालेली नाही. काटा महिनाभर काचेवर होता. मग तिनेच तो उतरवायला सांगितला, समोरचे दिसत नाही म्हणून. जगदाळे अजूनही महिन्यातून एकदा अर्थिंगचा तो बोल्ट उघडून पाहतात आणि मालकाला दाखवतात. मालक म्हणजे मी, पण ते दाखवतात आक्काला.

हा लेख संपवताना मी शंभर शरद ऋतूंची प्रार्थना लिहिली होती, यथाशास्त्र. आक्काने वाचून ती खोडायला लावली. "शरद कोण मोजतंय? माणूस वारांवर जगतो. त्यांना माझ्याकडून लिही, जितके सोमवार, बुधवार, शुक्रवार मला मिळतील, तितके त्यांना मिळोत, धडधाकट, आणि वर एक जास्त."

तो एक कशासाठी, मी विचारले.

"माझ्यामागे त्या तिघांसाठी कुणीतरी बोल्ट बघायला नको का," आक्का म्हणाली.