हौसाक्काची कमाई

हौसाक्काने आयुष्यात किती कमावलं, हे पुण्याजवळच्या आमच्या भुकुमात कुणालाही विचारलं असतं तरी त्याने तोंडपाठ सांगितलं असतं. ज्या गावात गुंठा कितीला गेला हे माणूस सख्ख्या बायकोलाही खरं सांगत नाही, तिथे या बाईचा आकडा चहाच्या टपरीवर रोज निघायचा. याला कारणं दोन. ती विलायतेत टेनिस खेळायची, आणि तिकडे प्रत्येक खेळाडूची बक्षिसाची रक्कम इंटरनेटवर जाहीर असते. दुसरं कारण मी.

तिचे वडील तरुणपणी कारखान्यात नोकरीला म्हणून विलायतेला गेले आणि तिकडेच राहिले. मुलगी तिथेच जन्मली. नाव मात्र त्यांनी आपल्या आईचं ठेवलं, हौसा. बायको गेल्यावर म्हातारा लेकीला घेऊन गावी परतला आणि दीड वर्षात तोही गेला. मागे उरली ही. एकुलती, बिनलग्नाची, चाळिशीला टेकलेली. उंच बाई, उजवा दंड डाव्यापेक्षा चांगला जाड.

मी तेव्हा गावच्या शाळेत शिक्षक होतो. ती पहिल्यांदा शाळेत आली तेव्हा मी मनातल्या मनात एक इंग्रजी वाक्य जुळवून ठेवलं होतं. तिने तोंड उघडलं आणि माझं वाक्य वाया गेलं. "गुरुजी, हातानं वडायचा रोलर कुनाकडं मिळंल? मला मैदान दाबायचंय." पन्नास वर्षांपूर्वी तिच्या बापाबरोबर गेलेली आमच्या गावची भाषा होती ती, जशीच्या तशी. पुण्यात राहणारी माझी मुलगी असं बोलायला लाजते.

रोलर ग्रामपंचायतीत मिळाला. वडिलांच्या वाट्याच्या बावीस गुंठ्यांत तिने मुरूम पसरला, पाणी मारलं, महिनाभर स्वतः रोलर ओढला आणि फक्कीच्या रेघा मारून कोर्ट उभं केलं. "आबांनी मरताना सांगितलं, तितं तुजं कोर्ट बांध," एवढंच तिचं म्हणणं. संध्याकाळी माझ्या शाळेतल्या सात-आठ मुली तिथे जायच्या. ती फी घेत नसे. शिव्या मात्र मोकळ्या मनाने द्यायची. हरून रडणारीला म्हणायची, "रडनं मागनं. आदी जाऊन हात मिळीव. त्यो बी खेळच हाय." ही सवय तिच्या अंगात इतकी मुरलेली होती, की भाजीवालीने भाव पाडू दिला नाही तर तिच्याशीही ही हात मिळवून निघायची. भाजीवाली बिचारी पदराला हात पुसून हात पुढे करायची.

आता माझा पराक्रम सांगतो. एकदा मोबाइलवर मला इंग्लंडच्या टेनिसवाल्या बायकांची यादी सापडली, कुणी एकूण किती बक्षीस मिळवलं त्याची. वरचे आकडे बघून डोळे फिरले. हौसाक्काचं नाव गाठायला बोट बराच वेळ सरकवावं लागलं, पण ते होतं. एक लाख ब्याऐंशी हजार डॉलर. माझा ऊर भरून आला. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात मी फळ्यावर गुणाकारच घातला. डॉलरला ऐंशी रुपये धरून उत्तर आलं एक कोटी पंचेचाळीस लाख साठ हजार. आपल्या गावची लेक, असं मी चार वेळा म्हणालो. गणित मुलांबरोबर घरी गेलं. पंधरा दिवसांत त्याचे दोन कोटी झाले.

देवळाची वर्गणी मागायला माणसं आली. तिने पाचशे एक दिले. ती माणसं एकमेकांकडे बघत परतली. हे सगळं मी तिला हसत हसत सांगायला गेलो, तर ती रोलरच्या दांड्यावर बसली आणि म्हणाली, "गुरुजी, त्यातला पाव हिस्सा एका म्याचचा हाय. लंडनच्या मोठ्या स्पर्धंत मला एकदाच घ्येतलं. पयल्याच फेरीत हरले, तासाभरात. तितं हरनाऱ्याला बी लई पैसं देत्यात. माजी सगळ्यात मोटी कमाई हरल्याची हाय." उरलेलं चौदा वर्षांचं. त्यातून विमानाची तिकिटं, हॉटेलं, शिकवणाऱ्याचा पगार, कर आणि शेवटी खांद्याचं ऑपरेशन. खेळ सुटला तेव्हा हातात काही नव्हतं. कितीतरी वर्षं तर बापाच्या पगारातूनच भर घालावी लागली होती.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर वजाबाकी घातली. मुलांनी ती मुकाट्याने उतरवून घेतली. संध्याकाळी एका मुलीचे वडील रस्त्यात भेटले. "गुरुजी, कमाई नेटवर दिसती. खर्च कुटं लिवलाय, तेवडं दावा," म्हणाले. खर्च कुठेच लिहिलेला नव्हता.

त्यांचंही चुकत होतं असं मला म्हणवत नाही. आमच्याकडे पैसा येतो तो जमिनीचा, एकदम आणि गठ्ठ्याने. तो मिळवायला आधी काही घालावं लागत नाही. त्यामुळे मिळाले म्हणजे आहेत, असाच आमचा हिशेब. शिवाय ज्याच्याकडे खरोखर पैसा आहे तो माणूस इथे "कुटं काय उरलंय" असंच म्हणतो. हौसाक्काही नेमकं तेच म्हणत होती. ती जितकं नाही म्हणे, तितका लोकांचा विश्वास पक्का होई.

बबन तिचा चुलतभाऊ. वाईट माणूस नव्हे, हे आधी सांगून ठेवतो. म्हातारा आजारी असताना त्याला स्वतःच्या जीपमधून दवाखान्यात नेणारा, त्याचं अंथरूण धुणारा बबनच. बबनची जमीन घेणाऱ्या बिल्डरला ती सलग हवी होती आणि कोर्टाचे बावीस गुंठे मधोमध येत होते. आमच्यात बहिणी जमिनीवरचा हक्क सोडतात. निबंधकाच्या कचेरीत जाऊन सही करतात, भाऊ साडी नेसवतो, आणि माहेर शाबूत राहतं. सही न करणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं, असं कुणी बोलत नाही, पण तुटतं. बबन तिच्याकडे आला तेव्हा मी तिथेच होतो. म्हणाला, "आक्का, माज्या सख्ख्या दोगींनी सोडला हक्क. तू न्हाई म्हनलीस तर त्यांना मी काय तोंड दावू? आन् तुला काय कमी हाय?" आणि त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला. यादीत तिचं नाव, पुढे आकडा.

ती म्हणाली, संपले सगळे. बबन समजुतीने हसला. आमच्या गावात या वाक्याला असंच हसतात.

मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी बबनच्या दारात जाऊन उभा राहिलो. माझी चूक झाली, तिच्याजवळ खरंच काही नाही, ते कोर्ट एवढीच तिची इस्टेट आहे, असं हात जोडून सांगितलं. त्याने मला चहा पाजला. म्हणाला, "गुरुजी, तुमीच तर पोरांना शिकीवलं." त्याच्या बोलण्यात टोमणाही नव्हता, हेच मला जास्त लागलं.

तिने सही केली. पौडच्या कचेरीत साक्षीदार म्हणून तिने मलाच नेलं. बाहेर आल्यावर बबनने साडी दिली आणि तो खरोखरीच रडला. तिने हात पुढे केला. बहिणीशी हात कसा मिळवायचा हे न कळून तो तिच्या पाया पडला. तो गाडी काढायला गेल्यावर मी चिडून विचारलं, का केलीस सही? कायदा तुझ्या बाजूला होता.

"गुरुजी," ती म्हणाली, "चौदा वरसं मी गावोगाव हरत फिरले. हरलं की हॉटेलात जाऊन एकटीनं जेवायचं. हितं हरले तर जेवाय तरी बोलीवतील."

आठ दिवसांत कोर्टाभोवती पत्रे लागले. मुली दोन-तीन दिवस रॅकेट घेऊन पत्र्यांपाशी उभ्या राहिल्या, मग यायच्या थांबल्या. हौसाक्काने शेजारच्या पिरंगुटला खोली घेतली, इकडेतिकडे कोर्टासाठी जागा विचारली. दर ऐकून तो नाद सोडला. दिवाळीच्या आत ती विलायतेला परत गेली. तिथे एका क्लबच्या दुकानात लोकांच्या रॅकेटना तारा भरते. रविवारी मला फोन करते, मुलींची नावं घेऊन एकेकीची चौकशी करते. मी काहीबाही सांगतो.

परवाच्या भाऊबीजेला बबनने मला जेवायला बोलावलं. नवं घर, मोठा दिवाणखाना. ताटं मांडली होती, त्यात एक जास्तीचं. ते आक्काचं, बबनची बायको म्हणाली, दर वर्षी मांडतो. बबनने तिला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा समोर ठेवला.

"आक्का, तीन वरसं झाली. तुज्याबिगर घास उतरत न्हाई बग. तिकिटाचं काय घिऊन बसलीस? तुला काय कमी हाय?"

आदल्याच रविवारी तिने मला सांगितलं होतं, की तिकिटाचा दर पाहिला आणि दुकानाचा पगार पाहिला, आणि पाहणं सोडून दिलं. बबनला मी बोलू का, असं मी विचारलं, तर म्हणाली, तुमी पयलं बी बोलला व्हता.

फोनवर ती एवढंच म्हणाली, "सुट्टी न्हाई रं मिळत, बबन."

बबनने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बगा गुरुजी. पैशाम्होरं मानसं दिसंनात हिला."

फोन अजून चालू होता. मी माझं ताट जवळ ओढलं.