परवा जमीन

जुन्या समुद्रसफरींच्या रोजनिशा संपादून छापणाऱ्या आमच्या कचेरीत मामांना सगळे 'कप्तान' म्हणत. तळ्यातल्या होडीत बसले तरी ज्यांच्या पोटात ढवळायचं, ते कप्तान! एकतीस वर्षं दुसऱ्यांची वादळं तपासून डोळे गेले, पाठ गेली. पुस्तकावर नाव मात्र एकदाही आलं नाही. निवृत्तीआधीच्या या शेवटच्या पुस्तकात, अखेरच्या पानाच्या तळाशी त्यांच्या नावाची एक ओळ द्यायचं मालकांनी कसंबसं कबूल केलं होतं. मी त्यांची भाची, तिथेच अक्षरं जुळवते. ती ओळ मीच जुळवली होती.

पुस्तक जुनंच, आवृत्ती नवी. दुपारी मामींचा फोन आला. त्यांचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत पोचतो.

"संपणार कधी ते?"

"परवा."

"कुठलं परवा? गेलेलं की येणारं?"

मी हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी फोन ठेवला आणि शेवटचं पान ओढलं. जहाजावरच्या तांडेलाने, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याने, रोजनिशीत नऊ तारखेला दोनच शब्द लिहिले होते: 'परवा जमीन.' बेट दिसलं अकराला. खाली वीस वर्षांपूर्वीची मामांचीच टीप: 'सात तारखेला जमीन दिसल्याची तांडेलाची थाप.'

"अगं, त्याने येणारं परवा लिहिलं होतं," मामा म्हणाले. "पक्षी बघून, पाण्याचा रंग बघून. सगळ्यांच्या आधी त्याला कळलं होतं. आणि मी त्याला खोटारडा ठरवून बसलो."

टीप बदलायची म्हटल्यावर मालक वैतागले. "सगळी पानं लागलीत. एक ओळ वाढली की शेवटचं पान फुटून नवं पान लागणार. मेलेल्या माणसाची कसली अब्रू? कुणाला पर्वा आहे?"

मामा खुर्चीची पाठ धरून उभे होते. जाऊ दे म्हणतील, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर म्हणावं असंच वाटत होतं. तो तांडेल माझा कोण लागतो?

"त्याच पानावर काढण्यासारखी एक ओळ आहे," ते म्हणाले.

मी साफ नाही म्हटलं. भांडले, रडलेसुद्धा.

"काढ गं," मामा म्हणाले. "दमलोय मी. घरी जायचंय."

टीप त्यांनी उभ्याउभ्याच नव्याने लिहिली. तिची शेवटची ओळ मी त्यांच्या नावाच्या जागी जुळवली: 'तांडेल खरा. चूक संपादकाची.'

संपादक कोण, ते पुस्तकात कुठेच नाही.